नागपूरच्या जुन्या इमारती पुठ्ठ्यात: मापं, कापणी आणि कवेलू

पुठ्ठा_दोन_मिमी (धागाकर्ता)

शहरातली जुनी इमारत पुठ्ठ्यात उतरवायची तर कटर हातात येतो तो शेवटी. मॉडेल बिघडतं ते त्याच्या कितीतरी आधी, इमारतीसमोर उभं राहून मापं घेताना. म्हणून हा धागा मापांपासून सुरू करतो. ज्यांना जे नेमकं माहीत आहे ते त्यांनी लिहावं. फक्त तयार मॉडेलचे फोटो नकोत, आकडे द्या.

आधी प्रमाण ठरवा. १:५०० ला एक फूट म्हणजे ०.६१ मिमी, १:२०० ला १.५२ मिमी, १:१०० ला ३.०५ मिमी आणि १:५० ला ६.१ मिमी. १:५०० मध्ये खिडक्या कापायच्या नसतात, छापायच्या असतात. १:२०० मध्ये खिडकी कापता येते, पण गज दाखवता येत नाहीत. १:५० ला दाराची कडीसुद्धा लोक शोधतात, तेव्हा घाईनं तिकडे जाऊ नका.

उदाहरण हायकोर्टाचं घेतो, कारण त्याची मापं माहीत आहेत. हेन्री मेड यांनी आखलेली आणि ६ जानेवारी १९४० रोजी खुली झालेली ही इमारत. मूळ बांधणीची बाहेरची लांबी-रुंदी ४०० फूट × २३० फूट, घुमट जमिनीपासून १०९ फूट, बाकीची इमारत साधारण ५२ फूट. १:५०० ला हे होतं २४४ × १४० मिमी, भिंत ३२ मिमी, घुमटाचं टोक ६६ मिमी. ए-४ पुठ्ठ्यावर भोवती अंगण सोडून बसतं. हेच १:२०० ला ६१० × ३५० मिमी होतं, म्हणजे टेबल अडकलं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. दोन मिमी पुठ्ठ्याच्या चार भिंती सरळ २४४, २४४, १४०, १४० अशा कापल्या आणि आखूड भिंती लांब भिंतींच्या मधे बसवल्या, तर मॉडेल १४४ मिमी रुंद होतं. चार मिमी जास्त. १:५०० ला चार मिमी म्हणजे दोन मीटर, साडेसहा फूट! आखूड भिंत १३६ कापायची. छत भिंतींच्या आत बसणार असेल तर २४० × १३६, वरून झाकणार असेल तर २४४ × १४० आणि मग भिंतीच्या उंचीतून दोन मिमी वजा. हायकोर्टाला आत बागेचे चौक आहेत, छतात ते रिकामे सोडायला विसरू नका.

---

सावलीमोज

उंचीबद्दल. प्रत्येक इमारतीची उंची कुठेतरी लिहिलेली सापडत नाही. नागपूरला सावली चांगली कामाला येते, फक्त महिना बघून जा.

सरळ पद्धत अशी: एक मीटरची काठी ओळंब्यात उभी धरा, तिची सावली मोजा, त्याच मिनिटाला इमारतीची सावली मोजा. इमारतीची सावली भागिले काठीची सावली, झाली उंची मीटरमध्ये. दोन मापांत दहा मिनिटं गेली तर सकाळी-संध्याकाळी उत्तर चुकतं, दुपारी तेवढं चुकत नाही.

आपल्या शहराचा अक्षांश २१.१५ अंश. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला ऐन माध्यान्ही, म्हणजे घड्याळात १२ वाजून १०-१२ मिनिटांनी, सूर्य क्षितिजापासून साधारण ४५.४ अंशांवर असतो. त्या वेळी सावली जवळजवळ उंचीएवढीच पडते, दीड टक्क्यानं कमी. काठी नसली तरी चालतं: सावली मोजा, १.०१४ नं गुणा. उलट मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यात सूर्य दुपारी डोक्यावर येतो, सावलीच नसते. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत जा.

माध्यान्हीची सावली उत्तरेला पडते, म्हणून इमारतीच्या उत्तरेला मोकळी आणि सपाट जमीन हवी. रस्त्याला उतार असला तर माप गेलं. घुमट किंवा मनोरा असेल तर आणखी एक भानगड: टोकाच्या सावलीचं अंतर भिंतीपासून मोजायचं नाही, टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून मोजायचं. म्हणजे भिंतीपासूनच्या अंतरात इमारतीची अर्धी रुंदी मिळवायची. हे विसरलं की घुमट हमखास बुटका होतो.

---

नकाशेगिरी

सावलीमोज भाऊ, पद्धत बरोबर, पण डिसेंबरात सिव्हिल लाइन्समध्ये हिवाळी अधिवेशन असतं. विधान भवनाच्या आसपास टेप घेऊन उत्तरेकडे चालत जाल तर पोलीस आधी तुमचीच उंची मोजतील. तिकडची कामं जानेवारीत करा. तेव्हा काठीच्या गुणोत्तरानं जावं लागेल, १.०१४ चालणार नाही.

सावलीपेक्षा विटांचे थर मोजणं मला खात्रीचं वाटतं. उघड्या विटांची भिंत असेल तर हात पोचतो तिथे दहा थरांची उंची सांध्यासकट टेपनं घ्या, दहानं भागा. समजा ८३ सेमी आलं, तर एक थर ८.३. मग फोटो मोठा करून कंगणीपर्यंतचे, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या पुढे आलेल्या पट्टीपर्यंतचे, थर मोजा. ७४ थर म्हणजे ६.१४ मीटर. दहा थर घ्यायचे कारण एका थरात तीन मिमीची चूक झाली की ७४ थरांत २२ सेमी होते. दहावर घेतली तर तीच चूक दोन सेमी. घडीव दगडाच्या भिंतीला हे लावू नका, दगडाचे थर बहुधा खाली जाड आणि वर बारीक असतात.

चौथऱ्यासाठी पायऱ्या मोजा. एका पायरीची उंची गुणिले पायऱ्या. पण खालची पायरी डांबराखाली अर्धी गेलेली असते, ती वेगळी मोजा. आपल्याकडे रस्ते दर वेळी वर चढतात आणि इमारती आपोआप बसक्या होतात.

---

फोटो_सरळ_करा

फोटोवरून माप घेणाऱ्यांसाठी तीन गोष्टी.

फोन वर वाकवला की उभ्या रेषा वर मिटतात, वरच्या मजल्याच्या खिडक्या लहान येतात. लांब जा, झूम दुप्पट करा, फोन भिंतीला समांतर ठेवा. खाली रस्ता जास्त आला तरी येऊ द्या, नंतर कापता येतो. उरलेला तिरकेपणा गिंप या फोटो सॉफ्टवेअरमधल्या पर्स्पेक्टिव्ह टूलनं जातो, मात्र त्यासाठी एका आयताची खरी लांबी आणि रुंदी दोन्ही माहीत हवीत. दाराची चौकट टेपनं मोजून ठेवा.

दुसरं, पुढे आलेलं पोर्च भिंतीच्या मापानं मोजू नका. कॅमेरा भिंतीपासून ४० मीटरवर असेल आणि पोर्च ५ मीटर पुढे असेल, तर ते फोटोत १४ टक्के मोठं दिसतं. त्यासाठी वेगळा संदर्भ घ्या, पोर्चच्याच खांबाची रुंदी मोजा.

तिसरं, छपाई. ‘फिट टू पेज’ बंद करा आणि १०० टक्क्यांवर छापा. पानाच्या कोपऱ्यात १०० मिमीची आडवी आणि उभी रेघ ठेवून छापल्यावर पट्टीनं तपासा. झेरॉक्सवाल्याकडे हे त्याला सांगून चालत नाही, समोर उभं राहून बघावं लागतं.

पोत छापणार असाल तर ढगाळ दिवसाचे फोटो घ्या. उन्हातल्या फोटोत सज्जाची सावली छापली जाते, मग मॉडेलवर खऱ्या सज्जाची दुसरी सावली पडते. एकाच खिडकीला दोन दुपारी.

---

महाल_ते_इतवारी

महालातला एखादा जुना वाडा करायचा आहे, १:५० ला. चौक, ओसरी, वर माडी. सगळं समजलं, छपरावरचे कवेलू, म्हणजे नळीची कौलं, कशी करायची? एकेक नळी वळून केली तर वर्ष जाईल.

---

खळवाली

महाल_ते_इतवारी, कवेलू खोक्यात तयार असतात. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आतली नागमोडी, तेच तुमचं छप्पर. फक्त योग्य नागमोडी निवडायला हवी.

देशी कवेलूंच्या दोन ओळींत साधारण १६-१७ सेमी अंतर धरा, पण ज्या वाड्याचं करताय तिथे मोजूनच घ्या. १:५० ला ते होतं ३.२ ते ३.४ मिमी. बारीक नागमोडीच्या पुठ्ठ्यात, ज्याला पॅकिंगवाले ई-फ्लूट म्हणतात, एका लाटेपासून दुसरी लाट जवळजवळ तेवढीच असते. लहान वस्तूंच्या पातळ, कडक खोक्यांत हा मिळतो. फळांच्या वगैरे मोठ्या खोक्यांत बी-फ्लूट किंवा सी-फ्लूट असतो, लाट साडेसहा ते आठ मिमी. साडेसहाची लाट १:२५ च्या मॉडेलला बरोबर बसते, १:५० ला लावली तर छप्पर पन्हाळी पत्र्याचं वाटतं.

वरचा कागद काढायला ओल्या फडक्यानं हलकं पुसा, दोन मिनिटं थांबा आणि नागमोडीच्या दिशेनं सोला, आडवं नाही. पाणी ओतलं तर लाटाच बसतात. सोलून झालं की सावलीत पूर्ण वाळवा.

मग लाटांना आडव्या ५ मिमीच्या पट्ट्या कापा. पहिली पट्टी वळचणीला, तिच्याखाली एक बारीक काडी किंवा १ मिमी पुठ्ठ्याची पट्टी, म्हणजे खालची ओळ वरच्यांसारखीच तिरकी बसते. पुढची पट्टी मागचीवर दीड मिमी चढवून, आढ्यापर्यंत. दर पाचव्या पट्टीला मोजपट्टी लावून सरळ तपासा. वर पोचल्यावर कळलं की तिरकं गेलंय, तर उपाय नाही, सगळं काढावं लागतं. आढ्यावर ४ मिमी कागदाची पट्टी पेन्सिलीवर वळवून लावा.

रंग एकसारखा देऊ नका. गेरू सगळीकडे, मग त्यात काळा थोडा मिसळून पाच-सात पट्ट्यांना तुटक फटकारे. पश्चिमेकडचा उतार जास्त काळा ठेवा, पावसाचा मारा तिकडून असतो.

आणि बंगल्यांवरची मंगलोरी कौलं वेगळी, त्यांना ही युक्ती लावू नका. ती चपटी असतात, जाड कागदावर बोथट सुईनं रेघा दाबल्या की झालं.

---

पुठ्ठा_दोन_मिमी

खळवाली ताई, हे सोन्यासारखं आहे. मॉडेल उन्हाळ्यात वाकण्यावरही लिहा. कापताना सपाट असलेल्या भिंती चार दिवसांत पापडासारख्या होतात, ही तक्रार सगळ्यांची.

---

खळवाली

दोष उन्हाळ्याचा कमी आणि कूलरचा जास्त. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी ठक्क असते, पुठ्ठा त्यात आकसतो पण सपाट राहतो. आपण खोलीत कूलर लावतो, त्याची ओली हवा पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला लागते, ती बाजू फुगते आणि पुठ्ठा दुसऱ्या बाजूला वळतो. रात्री कूलर बंद झाला की उलट. काम कूलरच्या झोतात ठेवू नका, पंखा चालेल. काम थांबवताना भाग दोन प्लायच्या मधे ठेवून वर पाटा ठेवा.

दुसरं कारण एकतर्फी कागद. पुठ्ठ्याच्या बाहेरच्या बाजूला छापलेला कागद चिकटवला की तो वाळताना ओढतो आणि भिंत बाहेरच्या बाजूला खोलगट होते. आतल्या बाजूलाही तितक्याच जाडीचा कागद त्याच दिवशी चिकटवा. कागद आणि पुठ्ठा दोन्हींचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, एकच हवी, शक्यतो भिंतीच्या उंचीच्या दिशेला. ग्रेन ओळखायला चौकोनी तुकडा दोन्ही बाजूंनी वाकवून पाहा, सहज वाकतो तेव्हा जी घडीची रेघ पडते, तिच्या दिशेनं ग्रेन.

गोंदाचं: कागदासाठी फेविकॉल एमआर पुरतो, लाकडाचा एसएच दाट असतो आणि पातळ कागदाखाली गाठी दिसतात. मेमध्ये गोंद लावेपर्यंत वर साय धरतो, म्हणून एका वेळी वीतभरच लावा. जुलैत उलट, लवकर वाळत नाही, रात्रभर दाबून ठेवा. मोठ्या कागदाला मी खळच सांगीन: एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी, गाठी मोडून मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत हलवायची. कसर लागू नये म्हणून बाइंडर लोक त्यात चिमूटभर मोरचूद टाकतात. मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाचं भांडं-चमचा वापरू नका आणि मुलांच्या हाती खळ देऊ नका. मोरचूद नसेल तर तीन दिवसांत आंबते, टाकून द्या.

---

घुमटवाला

घुमटाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

दीक्षाभूमीचा स्तूप, वास्तुविशारद शिवदानमल, २००१ साली खुला झाला. व्यास १२० फूट, उंचीही १२० फूट. १:५०० ला व्यास ७३ मिमी. अर्धगोल म्हटला तर त्याची उंची व्यासाच्या निम्मी, बाकी उंची खालच्या बांधकामाची आणि वरच्या भागाची. ती वाटणी फोटोवरून करा, अंदाजानं नको.

अर्धगोल कागदाच्या बारा पाकळ्यांतून करता येतो. परीघ २२९ मिमी, म्हणून पाकळी तळाशी १९.१ मिमी रुंद, तळापासून टोकापर्यंत ५७.४ मिमी लांब. मधली रुंदी दर ९.६ मिमीवर अशी: १८.५, १६.५, १३.५, ९.६, ४.९ आणि टोकाला शून्य. बिंदू हलक्या वळणानं जोडा. सरळ रेषांनी जोडले तर घुमट कोनेदार होतो. पाकळ्यांना बाजूला चिकटवायचे कान ठेवू नका, आतून पातळ कागदाची पट्टी लावा, नाहीतर सांधे बाहेर उमटतात.

याहून सोपा मार्ग क्रिकेटचा चेंडू. चेंडूचा परीघ २२.४ ते २२.९ सेमी असतो, म्हणजे व्यास ७१ ते ७३ मिमी. त्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळा, वर्तमानपत्राचे बोटभर तुकडे खळीत भिजवून चार-पाच थर द्या, दोन थरांनंतर एक दिवस वाळवा. शिवण उमटू नये म्हणून ती बरोबर तळाच्या रेषेवर ठेवा, कापायचं तिथेच असतं. कापलेली कड सॅंडपेपर १२० वर घासून सपाट करा. थर्माकोलचा अर्धा गोळाही चालतो, पण त्यावर स्प्रे पेंट मारू नका. थर्माकोल विरघळून खड्डे पडतात.

---

कमानदार

खिडकीच्या कमानी कटरनं कापू नका, चामड्याला भोकं पाडायचे पंच वापरा. १:२०० ला १.२ मीटरची खिडकी ६ मिमी होते, ६ चा पंच घ्या. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कार्डावर आधी कमानीचा गोल मारायचा, मग गोलाच्या दोन कडांपासून खाली सरळ काप. खाली जाड रबर किंवा लाकडाचा कापलेला बुंधा ठेवा. दोन मिमी पुठ्ठ्यावर पंच मारला तर कड चेपते, म्हणून कमानी पातळ कार्डात आणि मागच्या पुठ्ठ्यात प्रत्येक बाजूनं अर्धा मिमी मोठा साधा चौकोन. वर कार्ड चिकटवलं की भिंतीची जाडीही दिसते.

महालातल्या गांधी गेटसारख्या, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाजासारख्या, मोठ्या कमानीला पंच नाही. तिथे पट्ट्या: कमानीच्या आतली बाजू कार्डाच्या एका लांब पट्टीतून, पट्टीवर दर दोन मिमीला अर्ध्या जाडीचा काप, म्हणजे ती सहज वळते.

---

कागद_सुई_दोरा

मापं घ्यायची वही घरीच शिवा, बाजारातली तारेची वही भिंतीला टेकवून लिहिताना डुगडुगते. ए-४ चे सहा कागद मधे दुमडले की ए-५ ची २४ पानं. घडीवर १५, ६०, १०५, १५०, १९५ मिमीवर पाच भोकं. ६० सेमी दोरा, मेणबत्तीवर ओढून. आतून मधल्या भोकातून बाहेर, ६० मधून आत, १५ मधून बाहेर, परत ६० मधून आत, तिथून आतल्या आत १५० ला जाऊन बाहेर, १९५ मधून आत, १५० मधून बाहेर, मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ. मागच्या पुठ्ठ्याच्या कडेवर सेंटीमीटरच्या खुणा करून ठेवा, टेप विसरला तर उपयोगी.

---

नकाशेगिरी

कुठे जाता येतं तेही लिहितो, कारण नवी मंडळी टेप घेऊन सरळ किल्ल्यावर जातील. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, सामान्य माणसाला वर्षातले मोजके दिवस प्रवेश, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टसारखे. तिथे मोजमाप आणि फोटो यांचा विचारच सोडा. हायकोर्ट आणि विधान भवन बाहेरच्या रस्त्यावरूनच, आणि पहाऱ्यावरच्या माणसाला आधी विचारून. ड्रोन कुठेच नको. दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास जाऊ नका, लाखोंची गर्दी असते, तुमची काठी कुणाच्या तरी पायात येईल.

पहिल्या मॉडेलसाठी मोकळी आणि सोपी म्हणजे कस्तुरचंद पार्कातली छत्री. चारी बाजूंनी फिरता येतं, सावली आडत नाही, खांब हातात येतात. झिरो माइलचा स्तंभ, १९०७ चा, आकारानं लहान आहे पण शेजारचे चार घोडे नवशिक्याला रडवतात. घोड्यांना तारेचा सांगाडा आणि एम-सील, एकदा मळल्यावर हातात वेळ थोडाच असतो, म्हणून एका वेळी एकच घोडा. अजब बंगल्यात, १८६३ च्या संग्रहालयात, आत कॅमेऱ्याचे नियम खिडकीवर विचारून घ्या.

---

महाल_ते_इतवारी

ई-फ्लूट मिळाला. एक शंका: रेल्वे स्टेशनसारख्या वालुकाश्माचा रंग कसा? माझ्या पट्टीवर हळदीचं दूध दिसून राहिलं.

---

पुठ्ठा_दोन_मिमी

पिवळा जास्त झालाय. १९२५ सालची ती इमारत सावनेरच्या वालुकाश्मात आहे. पांढरा सहा भाग, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर दोन, बर्न्ट सिएना अर्धा, काळा सुईच्या टोकाएवढा. पोस्टर कलर नको, हात लागला की पुसतो, अॅक्रिलिक घ्या आणि पाणी कमी. आधी तीन तुकड्यांवर लावून, पूर्ण वाळल्यावर, बाहेर उन्हात नेऊन पाहा. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग दिवसा हिरवट दिसतो. भिंतीचा तळ वीतभर, म्हणजे १:२०० ला जेमतेम एक मिमी, थोडा गडद ठेवा. पावसाळ्यातले शिंतोडे तिथेच उडतात.